सुंदराबाई निघाला

मालाड (पश्चिम),
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय अप्पा,

कडक जय भीम.

तुम्ही तिकिटं लावून माझ्या बॅगेत कोंबलेली पाकिटं शेवटी कामाला आली. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही, आणि शेजारच्यांच्या बारशाला तुम्ही रडका चेहरा पाठवलात तेव्हापासून आईने तुमचं व्हॉट्सअॅप बंद केलंय. राहता राहिलं पत्र. जन्मभर टपालाच्या थैल्या उपसलेला आजोबा नातीकडून दुसरं काय मागणार म्हणा!

तर बातमी. काल मी मिथुनच्या घरी गेले होते, कांदिवलीला. पहिल्यांदाच. मिथुन म्हणजे तोच हो, माझ्या ऑफिसातला, ज्याचं नाव निघालं की आई टीव्हीचा आवाज कमी करते. आईबाबा मोकळे आहेत, धाकटा भाऊ विशाल आगाऊ आहे, आणि एक आजी आहे. बाहत्तर वर्षांची. सगळं घर तिच्या एका भुवईवर चालतं.

आणि अप्पा, मी तिथे जाऊन वाट लावली.

त्यांच्या बाल्कनीचं दार बसवायला सुतार यायचा होता. सकाळी नऊपासून तो फोनवर "आलोच, आलोच" करत होता. दुपारचा एक वाजला. मिथुनच्या बाबांनी चौथ्यांदा फोन आपटला आणि मी, भावी सून, अतिशहाणी, तोंड उघडून काय बोलले? "तुमचा सुतार पण सुंदराबाई निघाला की!"

मग मिथुनची आई हळूच म्हणाली, "आमच्या सासूबाईंचं नाव तुला कोणी सांगितलं गं?"

आजीचं नाव सुंदराबाई आहे, अप्पा! सहा महिन्यांत ह्या माठाने मला एकदा सांगितलं नाही. विचारलं तर म्हणतो, "आम्ही आजीच म्हणतो ना यार."

आता माझी काय चूक? आपल्या वसाहतीत जो "आलोच" म्हणून येत नाही तो सुंदराबाई. पाण्याचा टँकर सुंदराबाई, प्लंबर सुंदराबाई, बिल्डर तर सात वर्षं सुंदराबाई होता. मला तो साधा मराठी शब्दच वाटायचा. सातवीत मी निबंधात लिहिलं होतं, "माझे बाबा गेनू नाहीत, ते आधी पाहुण्यांना वाढतात." बाईंनी गेनूभोवती लाल गोल काढला तेव्हा कळलं की हे लोक फक्त मुलुंडच्या प्रगती वसाहतीत असतात, उरलेल्या महाराष्ट्रात त्यांना कोणी ओळखत नाही. गेनू कळला होता, पण सुंदराबाई अंगात इतकी मुरलीय की निसटलीच.

मग मी थाप मारली. म्हटलं, "आमच्याकडे शब्दाला जागणाऱ्या, वेळेवर येणाऱ्या माणसाला सुंदराबाई म्हणतात. सुताराला मी टोमणा मारला." आजीने भुवई वर केली आणि म्हणाली, "असं होय." बस.

विषय बदलायला मी तुमची गोष्ट काढली. म्हटलं, आमच्या आजोबांचं नाव कुंडलिक. तर घर फुटलं, अप्पा! बाबांना ठसका, विशाल सोफ्यावरून खाली, आजी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात. मी तापले. म्हटलं, हसायला काय झालं? मुलुंडमध्ये त्यांना मान आहे, टपालात सॉर्टर होते, नाटकं लिहायचे. आतून आजीचा आवाज, "नाटकं पण?" आणि पुन्हा ते हसणं.

मी मिथुनशी बोलणं बंद केलंय. माझ्या आजोबांच्या नावाला हसणारं घर मला नको. पण तो आवडतो, ही पंचाईत आहे. काय करू?

तुमची तेजू

ता.क. सुतार आलाच नाही.

*

प्रगती वसाहत, मुलुंड,
७ फेब्रुवारी २०२५

चि. तेजल,

जय भीम. तुझं पत्र काल मिळालं. मालाडहून मुलुंडला तीन दिवस. आमच्या हातात थैली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला दिलं असतं.

पोरी, नावाला हसले म्हणून मुलगा सोडू नकोस. माझं नाव माझ्या आजोबांनी ठेवलं, त्यात माझा हात नाही. हसणारं घर रडणाऱ्या घरापेक्षा बरं. मिथुनशी बोल.

गेनू, वच्छी, सुंदराबाई यांच्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण आता मोठी झालीस म्हणून सांगतो. ही माझ्या 'येतेच मी!' या नाटकातली पात्रं. १९७२ च्या भीमजयंतीला ते पहिल्यांदा झालं आणि नंतर दर जयंतीला, अकरा वर्षं. जगात लोक झोपाळूला, कळलाव्याला, तापट माणसाला पुराणातून नाव आणून देतात. आमच्या वसाहतीला उसन्याची सवय नव्हती. पंगतीत पहिला बसणारा तो गेनू, इकडचं तिकडे करणारी ती वच्छी. पात्रं मंडपातून उठली आणि घराघरांत राहायला गेली. लेखकाला आणखी काय पाहिजे?

सुंदराबाई हे नाव मी एका किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरून घेतलं होतं. कोणत्याही जिवंत व्यक्तीशी त्याचा संबंध नाही.

सहज विचारतो, त्या आजी डावखुऱ्या आहेत का? त्यांचं माहेर कुठलं? हसताना पदर तोंडाला लावतात असं तू लिहिलंस, तो डाव्या हाताने लावतात का? उलट टपाली कळव. घाई काही नाही. स्पीड पोस्टाने पाठव.

आणि लग्नाची बोलणी मुलुंडला ठेवू नका. घाटकोपरला ठेवा, गोवंडीला ठेवा, चंद्रावर ठेवा. आपल्या इथे लिफ्ट बंद असते.

तुझा,
अप्पा

*

मालाड,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय अप्पा,

लिफ्ट चालू आहे. आईला विचारलं.

आजी डावखुरी आहे. माहेर मुलुंडचं. पदर डाव्या हाताने. आता बोला!

मिथुनशी बोलले. तो म्हणतो, नावाला नाही हसलो, वेगळं कारण आहे, पण आजीने शपथ घातलीय, सांगणार नाही. मी म्हटलं, तुझ्या आजीच्या शपथेपेक्षा माझा राग मोठा आहे. तर म्हणाला, "तू माझ्या आजीला ओळखत नाहीस." हे खरं आहे, म्हणून माफ केलं.

पण खरी भानगड पुढे आहे. आजीने जाहीर केलंय की बोलणी मुलुंडलाच. आपल्या वसाहतीतच. "ज्या ठिकाणी माझ्या नावाला एवढी किंमत आहे ते मला डोळ्यांनी बघायचंय," असं म्हणाली, शब्दाला शब्द सांगतेय. रविवार, २ मार्च, सकाळी अकरा. आईने हो म्हणून टाकलं, तीन मजल्यांना जेवायला बोलावलं, आणि अंबादासकाका सेक्रेटरी म्हणून स्वागताचं भाषण करणार आहेत. अंबादासकाका! जे श्वास सोडला तरी सुंदराबाई म्हणून सोडतात!

अप्पा, ती बाई सोसायटीच्या गेटातून आत येईल आणि कोणीतरी वरून ओरडेल, "ए, डेकोरेशनवाला सुंदराबाई झाला का रे?" मग? लग्न मोडलं तर मी आणि मिथुन बघून घेऊ. पण परवा तिने मला बाजूला घेऊन माझ्या हातावर तिळाची वडी ठेवली आणि विचारलं, "तुमच्याकडे खरंच माझ्या नावाचा एवढा मान आहे?" मला रडू यायचं बाकी होतं. तिला आपण दुखावणार आहोत. मला ती आवडते, अप्पा.

कॅलेंडर वगैरे राहू दे. खरं लिहा.

तेजू

*

मुलुंड,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. तेजल,

कॅलेंडर नव्हतं.

सुंदरा आमच्या चार घरं पलीकडे राहायची. १९७२ ला मी तेवीस वर्षांचा, ती एकोणीसची. नाटकातलं मुख्य काम मी तिच्यासाठी लिहिलं होतं. मला ती आवडायची. बघ, एवढं एक वाक्य लिहायला मला त्रेपन्न वर्षं लागली आणि लिहिल्यावर पेनही सुटलं हातातून. तुझ्या आजीला मी हे लग्नानंतर आठवड्याभरात सांगितलं होतं, तेव्हा तू डोळे वटारू नकोस. ती हसली आणि पुढच्या वर्षीपासून नाटकात वच्छीचं काम तीच करायला लागली.

चौदा एप्रिलला संध्याकाळी सातला पडदा उघडायचा होता. सातला सुंदरा नाही. निरोप पाठवला, उत्तर आलं, "आलेच." साडेसातला पुन्हा, "आलेच." आठला पुन्हा तेच. माणसं चटईवर चुळबुळायला लागली, मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. साडेआठला मला कळलं की ती येत नाही. मला इतका राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. मी तसाच मंचावर गेलो आणि जागच्या जागी नाटक फिरवलं. नायिकेचं नाव केलं सुंदराबाई, जिची सगळा गाव वाट बघतो आणि जी येतच नाही. गेनू तिच्या वाटणीचं जेवण खातो, वच्छी दर पाच मिनिटांनी येऊन सांगते, "निघाली! चप्पल घातली!" लोक हसून हसून लोळले. त्या रात्री मी वसाहतीतला सगळ्यात मोठा लेखक झालो.

आठ दिवसांत तिचं लग्न ठरल्याचं कळलं, महिन्यात ती गेली. नाव मात्र इथेच राहिलं. पुढच्या वर्षी बदलता आलं असतं. लोकांना आवडलं होतं, म्हणून नाही बदललं. हे मी वाईट केलं.

आता मी काय उपाय केला ते ऐक. परवा मीटिंग लावली. ठराव मांडला की २ मार्चपर्यंत वसाहतीत कोणी सुंदराबाई म्हणायचं नाही, म्हणेल त्याने एक मजला जिना झाडायचा. ठराव मंजूर व्हायलाच अडचण, कारण सेक्रेटरी अंबादासच पन्नास मिनिटं उशिरा आला आणि तो दिसताच साठ माणसं एका सुरात काय ओरडली ते तुला सांगायला नको. दोन दिवसांत जिना आठ वेळा झाडून झाला. इतका चकचकीत आहे की काल तुझ्या आईचाच, नीलमचा, पाय घसरला. ती बसल्या बसल्या म्हणाली, "मलमपट्टीचा डॉक्टर तरी वेळेवर येऊ दे, सुंदराबाई नको." तिलाही झाडावा लागला.

बंदी घातल्यापासून लोक तो शब्द जास्तच वापरतात. पोरं मुद्दाम म्हणतात आणि हसत झाडू मागतात.

आपण असं करू. त्या दिवशी मी आजारी पडतो.

अप्पा

*

मालाड,
१९ फेब्रुवारी २०२५

अप्पा,

आजारी पडायचं नाही.

तुम्ही कांदिवलीला जायचं आणि आजीला स्वतः सांगायचं. साठ तोंडांतून ऐकण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं. पत्र नाही, निरोप नाही, मी मध्ये नाही. जाऊन, समोर बसून, तोंडाने.

शनिवारी सकाळी सगळे घरी असतात. पत्ता मागच्या पानावर. चौथा मजला, लिफ्टमधून बाहेर आल्यावर समोरचं दार. गेटवर वॉचमन नितेश असतो, वहीत नाव लिहायला सांगेल.

मी आजीला काही सांगितलेलं नाही. तुम्ही गेलात की मला कळवा. माझा जीव टांगणीला लागलाय.

तेजू

*

मुलुंड,
२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

चि. तेजल,

गेलो होतो. दोन बस बदलल्या, वाटेत पेढे घेतले, इस्त्रीचा सदरा घातला होता. गेटवर वहीत नाव, गाव, वेळ सगळं नीट लिहिलं. परंतु घरी कोणी नव्हतं. दार बंद होतं. असो. योग नव्हता.

पेढे वॉचमनला दिले. पोरगा चांगला आहे, पण का कोण जाणे, वहीत माझं नाव वाचून फार हसला.

परत येताना कांदिवलीच्या पोस्टात बसून सुंदराबाईंना चार पानी पत्र लिहिलं. सगळं कबूल केलं, माफी मागितली, तिथल्याच पेटीत टाकलं. माझं कर्तव्य झालं. लेखी असलेलं केव्हाही चांगलं.

अप्पा

*

कांदिवली (पूर्व),
२५ फेब्रुवारी २०२५

कुंडलिक,

जय भीम. मी नातवंडांना सोडून कोणाला अहोजाहो करत नाही, त्यांना करते ते चेष्टेने. तेव्हा तुला तूच म्हणणार.

चार पानं मिळाली. अक्षर तसंच आहे, मुंग्या रांगेत चालल्यासारखं. तू कळवतोस की तुमच्या वसाहतीत माझं नाव कसंही वापरतात, आणि मला ते ऐकून धक्का बसेल. बाबा, मला हे १९७३ सालापासून माहीत आहे. वच्छी तू जिच्यावरून केलीस ती वत्सला माझी मामेबहीण. ती मला सांगणार नाही होय? टँकर सुंदराबाई झाला, हेही ती मला फोन करून कळवायची. तुझ्या नातीने "शब्दाला जागणारा" अशी थाप मारली तेव्हा मी जीभ चावून बसले होते. मग म्हटलं, पोरगी गोड आहे, आणखी थोडी घाबरवू.

आता माझं ऐक. तू चार पानांत सगळं लिहिलंस आणि एक गोष्ट सोडलीस.

त्या दिवशी दुपारी चार वाजता मला बघायला पाहुणे आले. कळवून आले नव्हते. खाल्लं, प्यायलं, पुन्हा खाल्लं. बाप माझा उठू देईना. मी आतून "आलेच" म्हणत होते, कारण मला खरंच वाटत होतं की येईन. मी मनात म्हटलं, कुंडलिक येईल. दारात उभा राहून म्हणेल, "काका, नाटक आहे, सुंदराला पाठवा, तुम्ही पण चला." पाहुणे नाटकाला आनंदाने आले असते. त्यांना मी नंतर विचारलंय, त्यांच्याशीच लग्न झालं ना माझं.

आणि तू आलास! पावणेआठला. दाराला पडदा होता, त्याच्याखाली मला तुझ्या चपला दिसल्या, अंगठा तुटलेला, दोऱ्याने बांधलेला. तू उभा राहिलास. चष्मा पुसलास, सावलीत दिसलं. आणि परत गेलास. दुसऱ्या दिवशी वत्सलेच्या हाती पत्र पाठवलंस. पत्र!

माझा नवरा फार खोडकर माणूस. लग्नानंतर मी ही गोष्ट सांगितली, तर पोट धरून हसला. महिन्याभरात एक विमा एजंट आमच्या दारापर्यंत येऊन कडी न वाजवता परत गेला. हा ओरडला, "सुंदरे, तुझा कुंडलिक आला होता!" झालं. पन्नास वर्षं आमच्या घरात दारापर्यंत येऊन परत जाणारा तो कुंडलिक. मुलगा बढती मागायला साहेबाच्या केबिनपर्यंत जाऊन आला, कुंडलिक. विशाल एका मुलीला काहीतरी विचारायला बागेत गेला आणि भेळ खाऊन घरी आला, कुंडलिक. कुरिअरवाला बेल न दाबता "घर बंद होतं" म्हणून मेसेज टाकतो, तो तर रोजचा कुंडलिक. आता कळलं तुझी नात नाव सांगते तर घर का फुटलं? माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तो असता तर त्या दिवशी नाचला असता.

आणि शनिवार! घरी कोणी नव्हतं असं तू नातीला लिहिलंस. घरात आम्ही पाच जण होतो. नितेशने खालून इंटरकॉम केला, "आजी, एक कुंडलिक आला होता, वर जाऊन परत गेला." मी म्हटलं, बरं, पण नाव काय त्याचं? म्हणाला, "तेच तर सांगतोय ना, कुंडलिक!" वही मागवून घेतली. आत अकरा दहा, बाहेर अकरा पंचवीस. पंधरा मिनिटं काय केलंस माझ्या दारात? चष्मा पुसलास?

माझं नाव तू त्रेपन्न वर्षं वापरलंस, तुझं मी वापरलं. फिटंफाट. राग नाही. पण एक बाकी आहे. शुक्रवारी सकाळी ये. पत्र आणू नकोस. बेल डाव्या बाजूला आहे, पांढरी. तू बेल वाजवली नाहीस तर रविवारी मी तुमच्या मांडवात, माइकवर, कुंडलिक म्हणजे काय ते सगळ्या मुलुंडला समजावून सांगेन. मग पुढची पन्नास वर्षं बस ऐकत.

सुंदराबाई

*

मुलुंड,
१ मार्च २०२५, शनिवार

चि. तेजू,

तू आज संध्याकाळी येणारच आहेस, तरी लिहून ठेवतो. तुझ्या उशीखाली ठेवेन. सवय आहे, हसू नकोस.

काल गेलो. आधी कबुली, घरी कोणी नव्हतं हे मी खोटं लिहिलं होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता आणि माझा हात बेलपर्यंत जाऊन तीनदा खाली आला. तुला ती सगळं सांगेलच. सांगून झालंही असेल.

काल नितेशने वही पुढे केली, मी सही केली. तो म्हणाला, "आजोबा, आज कुठला कुंडलिक? जाणारा की थांबणारा?" मी म्हटलं, बाळा, मलाही बघायचंय.

चौथा मजला. दार. पांढरी बेल. तेजू, मी एक्क्याण्णव साली बोरीबंदरच्या ऑफिसात साहेबाच्या तोंडावर संप पुकारलाय, हजार माणसांपुढे नाटक केलंय, पण त्या बटणाएवढं जड मी काही उचललेलं नाही. डोळे मिटले आणि दाबलं. आत कुठलीतरी चिमणी चिवचिवली.

आणि आतून आवाज आला, "आलेच!"

तोच आवाज, थोडा घोगरा झालेला. मी उभा राहिलो. कोणी आलं नाही. दोन मिनिटं, चार मिनिटं. लिफ्ट आली, एक बाई बाहेर आल्या, माझ्याकडे बघून गेल्या. पुन्हा आतून, "आलेच!" आणि काहीतरी पडल्याचा आवाज. मला वाटलं, झालं, हिने बावन्न वर्षांचा सूड उगवला, गणित चुकलं, त्रेपन्न. गेलो असतो तर चाललं असतं असं एकदा वाटलं. पण मग चपलांच्या कपाटावर बसलो आणि ठरवलं, रविवार उजाडला तरी इथून हलायचं नाही. हसायचं तर मला येऊन हसा.

दार उघडलं. ती आली, तेजू. पिवळी साडी, एक भुवई वर.

म्हणाली, "कवळी सापडत नव्हती. तुझ्यासमोर काय बिनदातांची येऊ? किती वेळ बसलायस?"

मी म्हटलं, "दहा मिनिटं."

"मग गेला नाहीस तो?"

"तू आलेच म्हणालीस ना."

तर ती इतकी हसली की नुकतीच सापडलेली कवळी पुन्हा हातात आली. मीही हसलो. मग मला थोडं रडू आलं आणि तिने चहा टाकला. माफी मी तोंडाने मागितली, समोर बसून, अडखळत. ती म्हणाली, "नाटकात माझं काम नंतर कोणी केलं?" मी म्हटलं, कोणीच नाही, ती भूमिका मंचावर येतच नाही. म्हणाली, "म्हणजे मी अकरा वर्षं रोजच्या तालमीला न जाता मुख्य भूमिका केली!" तुझ्या मिथुनचं कल्याण आहे, अशा घरात वाढलाय.

आता कामाचं. नीलमला सांग, उद्या बोलणी अकराला असली तरी जेवण एक वाजता लाव. मी सुंदराला बजावलं, अकरा म्हणजे अकरा. ती दारात उभी राहून म्हणाली, "आलेच म्हणून सांग सगळ्यांना." मुद्दाम उशिरा येणार आहे ती, दोन तास, मला माहीत आहे.

झाडू कपाटात ठेवले. बंदी उठवली. अंबादासला भाषणात काय म्हणायचं ते म्हणू दे. फक्त एक दुरुस्ती मी उद्या माइकवर करणार आहे, पत्राने नाही. सुंदराबाई म्हणजे न येणारी बाई नव्हे. सुंदराबाई म्हणजे उशिरा येणारी, पण येणारी. शब्द माझा आहे, मला बदलता येतो.

तू मात्र उद्या गेटवर उभी राहा. आली की वर ओरडून सांग, मला ऐकू येईल असं.

तुझा,
अप्पा

ता.क. त्यांच्या बाल्कनीला अजून दार नाही. मी तिथे असताना सुताराचा फोन आला होता. म्हणाला, कालच येऊन गेलो, बेल वाजवली नाही.